पट्टा उतरवायचा नाही

मिलच्या धाकट्या मास्तरांनी माझा उजवा हात पट्टीने उचलला.

हाताने नाही. पट्टीने. कागदावर रेघा मारायची लाकडी पट्टी त्यांनी माझ्या मनगटाखाली सारली आणि मेलेली पाल काडीने उचलावी तसा माझा हात वर केला. समोर मिलमध्ये नव्याने भरती झालेली माणसं उभी होती. कुणी माढ्याकडची, कुणी मैंदर्गीची. पायांना अजून गावची माती.

“नीट पाहा,” मास्तर म्हणाले. “याला देवाच्या नारळाचा मोह झाला. देवाने काय शिल्लक ठेवलं ते पाहा.”

शिल्लक होता अंगठा आणि करंगळी. मधलं सगळं गेलं होतं.

“हं. आता करून दाखव.”

मी करून दाखवलं. आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. चवड्यांवर चाललो. नाक वर करून नारळाचा वास घेतला. ओठांवरून जीभ फिरवली. मग हात पुढे, आणखी पुढे, आणखी थोडा, आणि खच्च! असा काही किंचाळलो की पुढच्या रांगेतला एक पैलवानासारखा गडी मागच्याच्या पायावर जाऊन पडला. मग हात काखेत धरून गोल गोल फिरलो. शेवटी जमिनीवर बसून मास्तरांपुढे कान धरले. एक कान पाच बोटांनी, दुसरा दोन बोटांनी.

माणसं पोट धरून हसली.

“शाबास,” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पट्टी रुमालाने पुसली.

हा माझा दर सोमवारचा प्रयोग. दुपारच्या सुट्टीत, कार्डिंग खात्याच्या दारात. तिकीट नाही, पडदा नाही, आणि नटाला नाही म्हणायची सोय नाही.

मी सेटलमेंटमधला. सोलापुरात हा शब्द कुणाला उलगडून सांगावा लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. सरकारने काही जाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. आईच्या पोटातून बाहेर आलं की आरोपी. त्यांना गोळा करून गावाच्या कडेला तारेच्या कुंपणात ठेवलं. सकाळी हजेरी, संध्याकाळी हजेरी, बाहेर पडायला पास. आमच्यातले पुष्कळजण मिलमध्ये कामाला. सकाळी तारेच्या फाटकातून निघायचं, मिलच्या फाटकात शिरायचं, संध्याकाळी उलट. मधला रस्ता तेवढा आमचा. त्या रस्त्यावर मी इतका रमतगमत चालायचो की मागून येणारे शिव्या द्यायचे.

माझा बाप सोंगं आणायचा. बार्शीच्या बाजारात तो सकाळी फौजदार व्हायचा आणि दुपारी बाळंतीण. त्याचा गुन्हा विचाराल तर मला एकच दिसतो. त्याचा फौजदार खऱ्या फौजदारापेक्षा रुबाबदार दिसायचा. ती कला माझ्या अंगात उतरली. बाकी इस्टेट काही नव्हती.

आता कार्डिंग खात्याबद्दल. तिथे कापूस पिंजला जातो. हवेत इतका धुरळा की संध्याकाळी सगळे एका वयाचे म्हातारे दिसतात. छताखाली एक लांब लोखंडी दांडा सतत फिरत असतो. त्यावरून प्रत्येक मशीनला चामड्याचा पट्टा खाली येतो. पट्टा चाकावर चढवला की मशीन चालू. काठीने बाजूला सरकवला की बंद. लहान पोरालाही कळेल इतकं सोपं. मशीनच्या बाजूला दातेरी चाकं, एकाच्या दातात दुसऱ्याचे दात, आणि त्यांच्यावर लोखंडी जाळी. हात जाऊ नये म्हणून.

खात्यावर राज्य मल्लप्पा जॉबरचं, म्हणजे मुकादमाचं. मशीनमध्ये काही अडकलं तर खरं म्हणजे पट्टा उतरवून काढायचं. पण मशीन थांबलं की माल कमी, आणि माल कमी की वरून मल्लप्पाला शिव्या. त्यामुळे त्याने स्वतःची एक युक्ती काढली होती.

“त्या सेटलमेंटवाल्याला बोलवा रे. त्येंचे हात लई चपळ असत्यात.”

चालत्या मशीनमधलं काहीही काढायचं तर मी. मी जन्मात कुणाचा खिसा कापला नव्हता. माझे हात चपळ होते ते सोंगं करून करून. पण मल्लप्पाच्या लेखी चपळ हात म्हणजे चोराचा हात, आणि चोराचा हात गेला तर कुणाचं काय जातं? धोका सांभाळायची मिलची तेव्हाची रीत ही एवढीच होती. धोक्याच्या जागी असा माणूस उभा करायचा, ज्याच्यासाठी कुणी विचारायला येणार नाही.

आणि मग तो दसरा.

आमच्या खात्यात एक रिवाज होता. खंडेनवमीला सगळी मशीनं पुसूनपासून लख्ख करायची, झेंडूच्या माळा घालायच्या, आणि दातेरी चाकांवरच्या जाळ्या काढून ठेवायच्या. देवाचं तोंड झाकून पूजा करायची नाही म्हणून. चाकांच्या दातांना हळदकुंकू. मशीनच्या कडेला नारळ. सुट्टी संपून मिल सुरू झाली की पट्टे मल्लप्पा स्वतः चढवायचा, अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून. आणि त्या दिवशी एकदा चढलेला पट्टा दुपारच्या भोंग्यापर्यंत उतरवायचा नाही. उतरवला तर मशीन वर्षभर कुरकुरतं, असं सगळे मानत. भोंगा झाला की नारळ फोडायचे, आणि मगच जाळ्या परत बसवायच्या.

म्हणजे वर्षातली एक सकाळ अशी, की सगळ्या चाकांचे दात उघडे, आणि एकही मशीन थांबवायचं नाही. वर झेंडूच्या माळा डुलतायत. दिसायला फार देखणं.

त्या सकाळी एका मशीनवरचा नारळ सरकायला लागला. मशीन थरथरतं, वरचा नारळ दुसरं काय करणार? हळूहळू चाकांकडे निघाला. दातांत गेला असता तर दात तुटले असते आणि त्याचं खापर मल्लप्पावर फुटलं असतं.

“ए, हिकडं ये की,” मल्लप्पा ओरडला. “काढ त्यो नारळ.”

“अण्णा, पट्टा सरकवा. मग काढतो.”

“येडा का खुळा? आज पट्टा उतरवायचा न्हाय.”

“मग तुमी काढा की.”

आजूबाजूचे दोघंचौघं हसले. मल्लप्पाही हसला, पण त्याचं हसू ओठांच्या आत थांबलं.

“माजे हात जड हायत बाबा. तुमचे म्हंजे डोळ्यातलं काजळ काढनारे. काढतो, का उद्यापास्नं तारंत बसून ऱ्हातो?”

मी हात घातला. नारळ बोटांनी ढकलला, तो खाली माझ्या पायाशी पडला. काम झालं होतं. हात बाहेर काढताना माळेचा दोरा बोटांत अडकला. चाकाने माळ ओढली, माळेने मला ओढलं. चामड्याने नाही, साखळीने नाही. झेंडूच्या फुलांनी ओढून नेलेला माणूस मी.

तेव्हा मल्लप्पाने पट्टा उतरवला. भोंगा व्हायला अजून बराच वेळ होता.

सरकारी दवाखान्यातून परत आलो तो मिलमध्ये हे धाकटे मास्तर, म्हणजे खात्याचे नवे साहेब, आलेले. मुंबईला शिकलेले, बोलायला गोड, कपड्यांना घडी अशी की बोट कापेल. त्यांच्या डोक्यात एक नवी गोष्ट होती. अपघात म्हणजे नशीब नव्हे, ते म्हणायचे. प्रत्येक अपघाताला कारण असतं. कारण शोधा, ते दूर करा, पुढचा अपघात टळेल. मिलमध्ये असं बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकला. ऐकून बरं वाटलं. वाटलं, गेलेली बोटं निदान कुणाच्या कामी तरी येतील.

मास्तरांनी भिंतीवर एक काळा फळा लावला. त्यावर तीन रकाने. यंत्र. पद्धत. माणूस. अपघात झाला की चौकशी करायची, कारण ज्या रकान्यातलं असेल त्यात लिहायचं, खाली उपाय लिहायचा. विचार सोन्यासारखा होता. मी आजही तसंच म्हणतो. फक्त चौकशी करायची कुणाकडे? तर मल्लप्पाकडे.

यंत्र कसं होतं? ठणठणीत. जाळी का नव्हती? पूजा होती. पद्धत? वाडवडिलांपासून चालत आलेली. राहिला कोण?

मी तिथेच उभा होतो, हात फडक्यात गुंडाळलेला. मी म्हणालो, “मास्तर, मी पट्टा सरकवा म्हनलो व्हतो.”

मास्तरांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “अरे, ज्याचं नुकसान होतं तो असंच म्हणतो. नारळ तुझ्या पायाशी सापडला ना? आणि तू सेटलमेंटचा.”

झाली चौकशी. तिसऱ्या रकान्यात सुंदर अक्षरात: देवाचा नारळ चोरण्याचा प्रयत्न. खाली उपाय: नव्या कामगारांना प्रत्यक्ष दाखवून समज देणे.

तो उपाय म्हणजे मी.

पुढे बाकीचेही अपघात त्या फळ्यावर आले. एकाचा पाय घसरला. कारण, बोलत होता. एकाच्या डोळ्यात काही उडालं. कारण, वर पाहत होता. एका बाईचं लुगडं चाकात गेलं. कारण, पदर सैल. तिसरा रकाना भरून वाहायला लागला. पहिले दोन इतके कोरे राहिले की कुणीतरी तिथे खडूने मारुती काढला. मास्तरांनी तो पुसला नाही. त्यांना त्या रकान्यांची गरज पडत नव्हती.

दोन बोटांच्या उजव्या हाताला मिलमध्ये काम नसतं. मास्तरांनी मला झाडू दिला. अट एकच, सोमवार. वर गोड आवाजात म्हणाले, “मन लावून करत जा. तुझ्या चांगल्या वागणुकीचं मी सेटलमेंटच्या साहेबांना कळवीन.”

हे शब्द आमच्यासाठी काय होते ते सांगायला हवं. ज्याची वागणूक चांगली, त्याला तारेबाहेर मुक्त वसाहतीत खोली मिळायची. तिथे संध्याकाळची हजेरी नाही. दाराला आतून कडी. माझी बायको गंगू त्या कडीबद्दल इतकं बोलायची की जणू चांदीचीच आहे. ती गरोदर होती. तिचं एकच म्हणणं. “पोर तारंत जन्माला येऊ नये. बाकी देवानं काय दिलं न्हाय तरी चालंल.”

म्हणून मी सोमवार करत गेलो. आणि सांगतो, फक्कड करत गेलो. नारळाचा वास घेण्याची जागा माझी स्वतःची. कान धरायची जागा माझी. मास्तरांनी मला एवढंच दिलं होतं की मी चोर आहे. बाकी सगळा साज मी चढवला. सोमवार आला की इतर खात्यांतले लोक भाकरी घेऊन बघायला यायचे. तेलुगू साळी यायचे, दखनी बोलणारे फिटर यायचे. “क्या नारळ सूँगता है रे!” म्हणून पाठीवर थाप मारायचे. पाठ मात्र रात्री दुखायची.

एका सोमवारी रद्दी कापूस निवडणाऱ्या बायकांनाही आणून उभं केलं. त्यांत गंगू होती. तिला वाटलं असेल, नवरा मास्तरांपुढे हात दाखवतो आणि चार शब्द बोलतो. मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मी चवड्यांवर चालत आलो, वास घेतला, बायका खिदळल्या. गंगू हसली नाही. तिने पदर तोंडावर ओढला आणि प्रयोग संपेपर्यंत खाली केला नाही.

संध्याकाळी हजेरी झाल्यावर तिने भाकरी माझ्यापुढे ठेवली.

“अवो, त्यो वास घ्यायचा कुनी शिकिवला तुमास्नी?”

“ते मीच घातलं. लोकं हसत्यात.”

“व्हय. लई हसत्यात.” तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “मी आज हापिसात गेलते. सायबाला म्हनलं, आमाला भाईर खोली द्या की. त्यो काय म्हनला ठावं हाय?”

“काय?”

“म्हनला, तुजा नवरा दर सोमवारी चोरी कबूल करतो, साऱ्या मिलीपुढं. अशा मानसाला मी तारंभाईर सोडू कसा?”

मी घास खाली ठेवला.

असा पिंजरा कुणी बघितलाय का? प्रयोग केला तर मी चोर, आणि चोराला खोली नाही. प्रयोग नाही केला तर काम नाही, आणि बिनकामाच्याला तर पासही नाही. तारेच्या फाटकाला कुलूप, मिलच्या फाटकाला कुलूप, आणि दोन्ही कुलपं दर सोमवारी मीच लावत होतो. तीही इतक्या झोकात की लोक टाळ्या वाजवत होते.

गंगू म्हणाली, “हसू नगा.”

मी हसत होतो हे मला कळलंच नव्हतं.

पुढे बातमी आली की कारखाने तपासणारे सरकारी साहेब येणार. मिलला चुना लागला. जाळ्यांना रंग लागला. मास्तरांना आपली तीन रकान्यांची पद्धत दाखवायची होती आणि पद्धतीतला सगळ्यात रंगीत भाग म्हणजे मी. त्यांनी मला बोलावून सांगितलं, या वेळी दारात नाही. त्याच मशीनवर. मशीन चालू, जाळी काढलेली, नारळ जागेवर.

“चालू मशीनवर, मास्तर?”

“त्याशिवाय परिणाम होत नाही. तू अंतर राखून कर. आता तरी शहाणा झाला आहेस ना?”

साहेब आले. उंच, गोरे, खाकी कपड्यांतले. त्यांना मराठीचा गंध नव्हता. मी बोललो तर ते मास्तरांच्या तोंडून इंग्रजी होऊन जाणार, आणि वाटेत त्याचं काय होणार ते मास्तरांनाच ठाऊक. म्हणजे बोलून उपयोग नव्हता. माझ्याकडे राहिलं काय? सोंग.

सगळं खातं गोळा झालं. मल्लप्पा पट्ट्याजवळ काठी घेऊन उभा. मशीन गरगरतंय. उघडे दात एकमेकांत शिरतायत. मास्तरांनी नारळ माझ्या हातात दिला, कडेवर ठेवून सुरू कर म्हणाले, आणि साहेबांना इंग्रजीत काही सांगायला लागले. सांगताना त्यांनी पट्टी काढली, माझं मनगट उचलायला.

मी मनगट मागे घेतलं.

पट्टी हवेत राहिली.

“काय झालं? सुरू कर.”

“न्हाय करनार.”

मास्तरांचा चेहरा बदलला, पण साहेब बघत होते. त्यांनी हसू आणलं. “अरे, आज असं करू नकोस. साहेबांना दाखवायचं आहे.”

गंगूचं पोट डोळ्यांपुढे, खोली डोळ्यांपुढे. पण अंगात बाप शिरला होता, बार्शीच्या बाजारातला. मी दोन्ही हातांनी नारळ मास्तरांपुढे धरला, वाकून, पुजाऱ्यापुढे धरावा तसा.

“नारळ कुटं व्हता ते मला आता आठवत न्हाय, मास्तर. चुकीचं दिसायला नगं. तुमीच ठेवून दावा.”

साहेब बघत होते. सगळं खातं बघत होतं. मास्तरांनी नारळ घेतला. एवढ्यात कशाला घाबरायचं? ते मशीनकडे वळले. एक पाऊल टाकलं. त्यांच्या कडक बाहीच्या टोकापासून थोड्या अंतरावर चाकाचे दात फिरत होते. मास्तर थांबले. मागे न बघता, अगदी सहज, पाणी मागावं तसं म्हणाले,

“मल्लप्पा, आधी पट्टा उतरव.”

मल्लप्पाने काठी लावली. पट्टा सरकला. मशीनचा आवाज हळूहळू खाली आला, चाकं मंद झाली, एक शेवटचा दात दुसऱ्यात अडकून थांबला. मास्तरांनी नारळ कडेवर नीट ठेवला, आणि वळले.

कुणी हसत नव्हतं.

मी फक्त बोट केलं. उरलेल्या दोनांतलं एक, अंगठा. पट्ट्याकडे. मग मास्तरांकडे. मग माझ्या हाताकडे. एवढंच सोंग. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं.

साहेबांनी पट्ट्याकडे पाहिलं. मास्तरांना काहीतरी विचारलं, छोटंसं. मास्तर बोलायला लागले ते थांबेनातच. साहेबांनी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि मल्लप्पाकडे बोट दाखवलं, तो बोलू दे म्हणून.

मी मल्लप्पाला म्हणालो, “अण्णा, मी त्या दिशी काय म्हनलो व्हतो?”

मल्लप्पा दुष्ट माणूस नव्हता. घाबरट होता आणि देवभोळा होता. तो जमिनीकडे बघत पुटपुटला, “म्हनला व्हता. पट्टा सरकवा म्हनला व्हता. पन दसऱ्याचा पट्टा व्हता, सायेब.”

मागून कुणीतरी दखनीत म्हणालं, “अब बोलो मास्तर, इसका अंग्रेजी बोलो.”

मी फळ्यापाशी गेलो आणि तिसऱ्या रकान्यातली माझी ओळ तळहाताने पुसून टाकली. कुणी अडवलं नाही.

तुम्हाला वाटत असेल की पुढे न्याय झाला. नाही झाला. साहेबांनी हुकूम केला की मशीन चालू असताना जाळी काढायची नाही, सणालाही नाही. चांगला हुकूम. मास्तर मास्तरच राहिले. मल्लप्पा जॉबरच राहिला. दुसऱ्या दिवशी मला फाटकातून परत पाठवलं. कारण, पाहुण्यांपुढे बेअदबी. पास काढून घेतला. मी तारेच्या आत दगड फोडायला बसलो, डाव्या हाताने.

काही दिवसांनी हापिसातून बोलावणं आलं. सेटलमेंटचे साहेब आणि शेजारी खुर्चीवर धाकटे मास्तर. दोघंही गोड.

“चोर म्हणू नकोस,” मास्तर म्हणाले. “तो शब्द सोडला. वेंधळा म्हण. निष्काळजी होतो म्हण. दर सोमवारी नको, वर्षातून एकदा पुरे. झाडू परत मिळेल.”

सेटलमेंटच्या साहेबांनी कागद पुढे सरकवला. “आणि खोलीही. मुक्त वसाहतीत. या महिन्यातच.”

गंगू दारात उभी होती. दिवस भरत आलेले. ती पुढे आली आणि हळू आवाजात म्हणाली, “म्हना की वो. शबुद तर हाय निसता.”

माझ्या आयुष्यात याहून कठीण काही नव्हतं. बोटं गेली तेव्हाही नाही. ते एका झटक्यात झालं होतं. हे मला स्वतःच्या तोंडाने करायचं होतं, आणि गंगूच्या डोळ्यांत बघत.

मी म्हणालो, “मी वेंधळा ठरलो तर पट्टा पुन्ना दोषातनं सुटला. माज्या जागी जो हात घालंल त्योबी वेंधळाच ठरंल. न्हाय.”

मास्तर उठून गेले. साहेबांनी कागद खणात टाकला. गंगू घरी आली आणि तिने माझ्याशी बोलणं टाकलं. भाकरी वाढायची, बोलायची नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मुलगी तारेच्या आत झाली. तिचं नाव आधी सरकारी हजेरीत चढलं, मग आम्ही बारसं केलं. त्या दिवशी गंगू पहिल्यांदा बोलली. म्हणाली, “हिला तरी सोंग शिकवू नगा.”

आता माझी चाळिशी उलटली. तार आहे तिथेच आहे. मी अजून दगड फोडतो आणि संध्याकाळी बडबडतो. सोलापुरातल्या कुठल्याही मिलमध्ये आमच्यातल्या कुणाला इजा झाली की तो हजेरीनंतर माझ्या दारात येतो. मी म्हणतो, करून दाखव. पण एकट्याने नाही. मी कुणालातरी त्याचा जॉबर म्हणून उभा करतो, शेजाऱ्यांतल्या कुणालातरी पट्टा करतो, कुणाला जाळी, कुणाला माल लवकर मागणारा वरचा साहेब. मग सुरुवातीपासून. कोण काय म्हणालं. कुणी थांबवा म्हटलं. कुणी थांबवू दिलं नाही. जखमी माणसाची पाळी सगळ्यात शेवटी येते, आणि बहुतेक वेळा तोपर्यंत कारण सापडलेलं असतं. मग आम्ही ठरवतो की पुढच्या वेळी सरकारी साहेब आला तर त्याच्यापुढे कोण जाऊन उभा राहील. कधी कुणी उभा राहतो. कधी नाही राहत. उभा राहिलेल्याला कामावरून काढतात, मग तो माझ्या शेजारी दगड फोडायला येतो. सध्या आम्ही बरेच आहोत.

मला तारेबाहेर जायचं आहे. हे कुणी विसरू नये. मी इथे रमलो आहे असं कुणी म्हटलं तर तो खोटारडा. मला ती कडी हवी आहे, आतून लावायची. गंगूला हवी आहे. मुक्त वसाहतीचा कागद पुन्हा येईल, कारण असे कागद येतच असतात, आणि दर वेळी शब्द थोडा मऊ करून आणतात. चोर गेला, वेंधळा आला. उद्या आणखी काही येईल. त्यात माझा दोष लिहिलेला असेल तर मी अंगठा उठवणार नाही. या वेळी नाही, पुढच्या वेळी नाही, म्हातारा झाल्यावर नाही.

गंगूला हे सांगितलं आहे. साहेबांना सांगितलं आहे. मुलगी शाळेत जाऊ लागली आहे. येईल तो कागद आधी तिला वाचायला देणार, मोठ्याने, साहेबांच्या समोर. आणि त्यात दोष निघाला, की नाही म्हणणार.